यादीत माझा नंबर तिसरा

डोळा गेला तेव्हा गल्लीतली माणसं म्हणाली, देवाची मर्जी. देवाचा यात काडीचा संबंध नव्हता. उसाचं एक पातं, मेडिकलच्या दुकानातला एक माणूस आणि माझा स्वतःचा मूर्खपणा, एवढ्या तिघांनी मिळून तो घालवला. हे आधीच सांगते, कारण आजारपणाबद्दल लिहिणारे बहुतेक लोक आभार मानत सुरुवात करतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आजारी पडलं की माणूस आपोआप गोड होतो. मी झाले नाही. त्या दीड वर्षात मी जितकी भांडले तितकी आधी कधी भांडले नव्हते, आणि मुळातही मी काही मवाळ बाई नाही.

मी तेव्हा सुरतेच्या उधन्यात पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. माहेर-सासर दोन्ही खानदेशातलं, शिंदखेड्याकडचं. आमचे हे कापडाच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, माग दुरुस्त करणारे जॉबर. घरात दोन मुली आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. प्लेगाने सुरत रिकामी झाली होती, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. माझा डावा डोळा लहानपणीच गोवरात गेला. त्यावर पांढरं फूल पडलं आणि तेव्हापासून त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. नोकरी, संसार, रस्ता ओलांडणं, सगळं उजव्या डोळ्यावर चाललं होतं.

शिकलेल्या बाईची चूक

संक्रांतीला आम्ही बारडोलीला दिराकडे गेलो. तो ऊसतोडीवर मुकादम होता. मुलींना ऊस दाखवायला म्हणून शेतात शिरले आणि एक पातं सपकन उजव्या डोळ्यावर घासून गेलं. पाणी मारलं, पदराने शेकलं, परत आलो. दोन दिवसांनी डोळा लाल झाला. आत्याबाईंना त्यात मध घालायचा होता. मी डी.एड. झालेली, चार लोकांना शहाणपण शिकवणारी. मी त्यांना अडाणी म्हटलं आणि आमच्या ह्यांच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून थेंब आणले. त्याने नाव-गाव न विचारता बाटली काढून दिली. एका दिवसात लाली गेली. मी आत्याबाईंना बाटली दाखवून टोमणासुद्धा मारला. आठ दिवस ते थेंब घातले आणि आठव्या दिवशी फळ्यावर मी लिहिलेलं मलाच वाचता येईना.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी दिव्यासमोर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, कोणतं औषध घातलं. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती वाचली, टेबलावर ठेवली नाही, सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, बुबुळावर बुरशीची जखम आहे, पात्याबरोबर ती आत गेली आणि या थेंबांनी तिला खतपाणी मिळालं. मी विचारलं, बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते ती? त्या म्हणाल्या, तिचीच बहीण.

मला रडू आलं नाही, राग आला. मेडिकलवाल्याचा, आमच्या ह्यांचा, उसाचा, बारडोलीचा. घरी येताना रिक्षात मी यांना इतकं बोलले की रिक्षावाल्याने मध्येच आरसा फिरवून घेतला. हे गप्प होते. हे नेहमीच गप्प असतात, त्याचाही मला राग आला.

दर तासाला एक थेंब

अडीच महिने. दर तासाला एक थेंब, आणि तो इतका झोंबणारा की दात आवळून धरायला लागत. पहिले तीन आठवडे वॉर्डात होते. बायकांच्या वॉर्डात एक चांगलं असतं, तुम्ही कशाला आलात हे कुणी विचारत नाही, सगळ्या स्वतःचंच सांगतात. शेजारच्या खाटेवर मोतीबिंदूची म्हातारी यायची आणि चौथ्या दिवशी हसत घरी जायची. मग दुसरी यायची. मी त्या म्हाताऱ्यांचा मनापासून दुस्वास केला. सत्तर वर्षं जग बघून झालेल्या बायांना परत दिसतं आणि मला पस्तिसाव्या वर्षी नाही, हे मला पटत नव्हतं.

आत्याबाई रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. मधाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. त्या खाटेच्या कडेला बसून भाकरीचे तुकडे करून माझ्या हातात द्यायच्या, कारण मला ताट दिसत नव्हतं.

जखम भरली आणि बुबुळाच्या मधोमध पांढरा डाग राहिला. डाव्या डोळ्यात होतं तसंच फूल उजव्यातही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता औषधाने काही होणार नाही, दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवावं लागेल, मेलेल्या माणसाचं. नाहीतर आहे हे असंच. शाळेने सहा महिन्यांची रजा दिली होती. त्यानंतर डॉक्टरी तपासणी आणि मग घरी बसा. मुख्याध्यापकांनी ते फार गोड शब्दांत सांगितलं आणि वर म्हणाले, बाई, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, धीर धरा. ही म्हण मी वर्षानुवर्षं चौथीला शिकवली आहे. त्या दिवशी ती मला शिवीसारखी लागली.

रमणभाई

डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी देऊन नेत्रदान समितीकडे पाठवलं. समिती म्हणजे एका सूतिकागृहामागची खोली, एक कपाट, एक स्कूटर आणि रमणभाई. पोस्टातून निवृत्त झालेला, सुरतेचाच, किडकिडीत माणूस. मला तेव्हा माणसांचे फक्त आकार दिसायचे. रमणभाईंचा आकार खुर्चीवर कधी टेकलेला आठवत नाही.

ही समिती कशी झाली ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यांच्या बायकोने मरताना डोळे द्यायला सांगितले होते. यांनी चार ठिकाणी फोन केले, कुणी आलंच नाही, आणि डोळे तसेच चितेवर गेले. तेव्हापासून हे चालू. सुरुवातीला त्यांनी एक शहाणपण केलं: रोज सकाळी गुजराती पेपरातल्या बेसण्याच्या, म्हणजे शोकसभेच्या, जाहिराती वाचायच्या आणि त्या पत्त्यावर जायचं. डोळे सहा तासांत काढावे लागतात आणि जाहिरात छापून येते दुसऱ्या दिवशी. महिनाभर हा माणूस राख झालेल्या माणसांचे डोळे मागत हिंडला, घरोघरी बोलणी खाल्ली. मग कुणीतरी सुचवलं की तिरडीचं सामान विकणाऱ्या दुकानदारांना गाठा. बांबू, सुतळी, कोरं कापड घ्यायला माणूस पहिल्या तासातच येतो. दुकानदाराने सामान बांधता बांधता समितीला फोन करायचा. तेव्हापासून डोळे मिळू लागले. डॉक्टर आणि बर्फाचा डबा घेऊन स्कूटरवरून जायचं, दहा-पंधरा मिनिटांचं काम, चेहरा होता तसाच दिसतो.

मला हे ऐकून बरं वाटत होतं. मग त्यांनी माझं नाव-गाव वहीत लिहिलं, आडनाव ऐकून थांबले आणि म्हणाले, "बेन, यादीत तुमचे लोक सगळ्यात जास्त. देणाऱ्यांत एक पण नाय. मराठी माणूस घेवाला येतो, देवाला नाय."

मी उठले. टेबलाचा कोपरा मांडीला लागला, तेही सहन केलं. आत्याबाई हात धरून होत्या म्हणून, नाहीतर वाट न बघता चालती झाले असते. चार दिवस घरात धुमसत होते. आम्ही तुमचं कापड विणतो, तुमच्या गिरण्या चालवतो, आणि आम्ही फक्त घ्यायला येतो? आमचे हे म्हणाले, पण खोटं काय बोलला तो. त्या दिवशी हे जेवले नाहीत, कारण मी वाढलं नाही.

टेम्पो

पाचव्या दिवशी मी परत गेले, भांडायलाच. आत्याबाईंना म्हटलं चला. खोलीत शिरता शिरताच सुरू केलं. त्यांना सांगितलं की तुमच्या तिरडीच्या दुकानात आमचा माणूस येईलच कसा? उधन्यात आमचं कुणी मेलं की आम्ही सामान घेत नाही, टेम्पो सांगतो. तासाभरात प्रेत टेम्पोत, बाया मागे, आणि गाडी सोनगड, नवापूरवरून सरळ गावाला. जाळायचं ते गावच्या नदीवर, भाऊबंदांसमोर. या शहरात आम्ही राबतो, पण मरून पडून राहत नाही. तुमच्या दुकानदाराला आमचं मरण कळतच नाही आणि वर आम्हाला कद्रू म्हणता.

रमणभाईंनी वही उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "टेम्पो कोण देते?"

मी रागाच्या भरात नाव सांगून टाकलं. आनंदा टेम्पोवाला, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. उधन्यातल्या खानदेशी माणसांची निम्मी प्रेतं तोच नेत असे. दुसऱ्या दिवशी रमणभाई स्कूटरवर येऊन त्याला नंबर देऊन गेले. आनंदाचा एक भाऊ डोळ्यानेच अधू होता, म्हणून आनंदा फोन करायला कबूल झाला.

मी काय करून बसले ते मला आठवडाभराने कळलं. गल्लीत बोभाटा झाला की पाटीलबाईने टेम्पोवाला फितवला, आता आपल्या घरात कुणी डोळे मिटले की ही बाई मागे डॉक्टर घेऊन उभी. प्रेताची दलाली, असा शब्द माझ्या कानावर आला. ज्यांची पोरं मी पाढे घोकून घेऊन वर काढली त्या बायका नळावर माझी पाळी आली की हंडे उचलून बाजूला होत. आत्याबाईंच्या भजनाच्या बायका त्यांना बोलवेनाशा झाल्या. आजारी माणसाच्या घरासमोरून मी गेले की आतून दार लागायचं. त्यांना वाटायचं मी वाट बघतेय. आणि मी काय सांगू, मी वाट बघतच होते. कुणाचं मरण मी मागितलं नाही, पण कुणी मेल्याशिवाय मला दिसणार नव्हतं, हे तर खरं होतं. या गोष्टीला गोड करून सांगायची सोय नाही. तुमच्यापैकी कुणी अशा यादीत असेल तर हे तुम्हालाही वाटेल, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नका.

समोरच्या घरात दगूबाई राहायच्या. नवरा भटूनाना, खात्यात कारागीर, पन्नाशीचा. माझी लेक आजारी असताना याच भटूनानांनी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. त्यांच्या छातीत दुखतंय असं कळलं म्हणून मी भिंत चाचपत विचारपूस करायला गेले. दगूबाईंनी उंबऱ्यावरच अडवलं.

"बाई, आमना घरमा कोनी मरेल नही शे. पुढे सरक," त्या आमच्या अहिराणीत म्हणाल्या आणि दार लावलं.

मला त्यांचा चेहरा दिसला नाही, ते एक बरं. मी तिथेच उभी राहून मोठ्याने म्हणाले की असल्या दारात मी परत पाय ठेवणार नाही. गल्लीने ऐकलं.

भटूनाना

पंधरा दिवसांनी भटूनाना खात्यात मागावरच कोसळले. सकाळी दहाचा सुमार. कारागिरांनी हातगाडीवर घालून घरी आणले तेव्हा जीव गेलेला होता. गल्लीत एकच आक्रोश झाला. टेम्पो सांगितला गेला, आणि आनंदाने फोन केला.

रमणभाई आणि एक तरुण डॉक्टर पाऊण तासात आले. मी माझ्या ओट्यावर बसले होते. दिसत काही नव्हतं, पण आवाजावरून सगळं कळत होतं. रमणभाईंनी हात जोडून काहीतरी म्हटलं असेल, तेवढ्यात पुरुषमाणसं अंगावर धावून गेली. कुणीतरी स्कूटर पाडली, तिचा आवाज मी ओळखला. बर्फाचा डबा रस्त्यावर घरंगळला. म्हातारा शांतपणे म्हणत होता, मारा, पण मला एकदा घरच्या बेनला विचारू द्या.

मी आत्याबाईंना म्हटलं, मला तिकडे न्या. त्या म्हणाल्या, नको जाऊ, चपला खाशील. मी म्हटलं, खाईन. आजही मला कळत नाही मी का उठले. धाडस नव्हतं ते. माझ्यामुळे तो म्हातारा मार खात होता आणि मी ओट्यावर बसून ऐकत होते, हे सहन होईना, एवढंच.

मी समोर गेल्यावर आवाज बंद झाले. दगूबाईंचं रडणंही थांबलं. त्या इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास मला लागत होता.

"तुले पाहिजेत ना डोया? मंग तसं सांग. या म्हताराले कशाले पुढे करस?"

मी म्हटलं, "माले नही. मना नंबर तिसरा शे. डोया दोन, दोन्ही दुसरास्ना. माले काहीच भेटस नही."

"मंग तू कशाले उनी मना दारमा?"

"आज मी दार वाजाडं नही, ते उद्या मनासाठे कोन वाजाडी?"

मग दगूबाईंनी शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही, मला, समितीला, की मरून गेलेल्या नवऱ्याला. आणि म्हणाल्या, "लई जा. पन त्यास्ना डोया शेठना घरमा नको जावाले. बारा तास उभं करी मारं त्यास्ले शेठनी."

रमणभाईंनी हे माझ्याकडून समजून घेतलं. खोटं बोलून काम झालं असतं. ते म्हणाले, बेन, ज्याचा नंबर त्याला जाते, शेठ असेल तर शेठ, तो माझा कायदा. मी ते अहिराणीत सांगितलं आणि मनात म्हटलं, संपलं. दगूबाई आत गेल्या आणि दार उघडं ठेवलं. डॉक्टर त्यांच्यामागे आत शिरला.

वीस मिनिटांनी टेम्पो गावाला निघाला. उधन्यातल्या आमच्या माणसांतून समितीला मिळालेले ते पहिले डोळे.

पीपी नंबर

त्या काळी घरोघरी फोन नव्हते. अर्जावर शेजारच्या दुकानाचा नंबर लिहायचा, त्याला पीपी नंबर म्हणत. दुकानदार हाक मारून बोलावणार. यादीतला पहिला माणूस दुपारीच इस्पितळात पोचला. दुसऱ्या नंबरवर शहरातल्याच पर्वत पाटियाकडची एक बाई होती. तिच्या अर्जावरचं किराणा दुकान दुकानदाराच्या घरच्या लग्नामुळे बंद होतं. स्कूटर नीट करून माणूस पाठवला, तर घराला कुलूप, सगळे राजस्थानात गावी गेलेले. काढलेला डोळा थांबत नाही.

संध्याकाळी रमणभाई स्वतः आमच्या दारात आले. तयारी करा म्हणाले. कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही, समितीचा तो नियम आहे. सांगायची गरजही नव्हती.

आमचे हे त्या दिवशी बोलले. म्हणाले, विचार कर. तू भर गल्लीत तिला सांगितलंस की मला मिळणार नाही. उद्या पट्टी बांधून येशील तेव्हा काय तोंड दाखवशील? आपल्याला इथंच राहायचंय.

माझं उत्तर मी लपवत नाही. मी अर्धा मिनिटही विचार केला नाही. मी म्हटलं, तोंड दाखवायचं पुढचं पुढे, आधी मला ते बघू तर दे. ह्यांना मी तोपर्यंत कधी अरे-तुरे केलं नव्हतं. आत्याबाईंनी पिशवीत लुगडं भरलं होतं, त्या आधीच दारात उभ्या होत्या.

शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो, डॉक्टर आपसात क्रिकेटचं बोलत होते. भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी, पट्टी काढताना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती बोटं? मला बोटं दिसत नव्हती. दुधात बुडवून काढल्यासारखं सगळं. मी म्हटलं, नाही दिसत. त्या म्हणाल्या, थांबा, घाई कुणाला आहे? मला होती. तिसऱ्या दिवशी खिडकीचे गज दिसले. पाचव्या दिवशी आत्याबाईंच्या कपाळावरचं गोंदण दिसलं, आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून इतकी रडले की नर्सने येऊन दम दिला, टाके आहेत, रडायचं नाही. हे ऐकून अजून रडू आलं. केसासारखे बारीक टाके असतात ते, वर्षभर एकेक करून काढतात. या दिवसांत डोळा चोळू नका, चुलीपुढे बसू नका आणि मला वाटलं तसं आता सगळं झालं असं समजू नका. लाली आली किंवा अंधूक दिसलं की त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मेडिकलवाल्याकडे जाऊ नका.

दगूबाई

दगूबाई तेरावं उरकून गावाहून परतल्या तेव्हा मी हिरवी पट्टी लावून ओट्यावर बसले होते. गल्लीने त्यांना आधीच सांगून टाकलं असणार. त्या कुलूप काढायच्या आधीच रस्ता ओलांडून माझ्यापुढे आल्या. मी काय बोलायचं ते आठ दिवस घोकून ठेवलं होतं. पीपी नंबर, बंद दुकान, राजस्थान. त्यांनी सुरूच करू दिलं नाही.

"खोटी बोलनी तू," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली, नाही म्हणून. पण पुरावा माझ्या तोंडावर बांधलेला होता.

"तुले आते दिसस ना? मंग मना दारकडे देखानं नही. कधीच नही."

त्या गेल्या. मी ती शिक्षा मानली. कुणी म्हणेल, यात तुझा काय दोष. दोष नव्हता हे मलाही ठाऊक आहे. पण त्या बाईने नवऱ्याचं प्रेत घरात असताना माझ्या शब्दावर दार उघडं ठेवलं, आणि तो शब्द संध्याकाळपर्यंत टिकला नाही. तेव्हापासून ओट्यावर बसायचं तर मी पाठ करून बसते. तांदूळ निवडायचे ते भिंतीकडे तोंड करून. समोरासमोर आठ हातांवर राहून एखाद्या दाराकडे बघायचं नाही हे किती कठीण आहे, ते करून पाहा. आंधळी होते तेव्हा सोपं होतं.

शाळेत परत रुजू झाले. समितीने वर्धापनदिनाला माझा सत्कार ठरवला. मी रमणभाईंना कळवलं, हार आणलात तर तुमच्याच गळ्यात घालेन. सत्कार समोरच्या बाईचा करा, पण ती येणार नाही आणि तुम्ही बोलावूही नका. ते हसले. मग एक वेगळं काम त्यांनी माझ्या गळ्यात मारलं: उधन्यात फोन आला की आता मी त्यांच्या आधी त्या घरात जायचं आणि आपल्या बोलीत विचारायचं. मी गेले. बहुतेक ठिकाणी हाकलून दिलं. एकीने केरसुणी उगारली, एका घरात मला ओरडून विचारलं की तुझं पोट भरलं नाही का. मी एक गोष्ट मात्र शिकले. डोळे कुणाला मिळतील किंवा मिळणार नाहीत, असं कुणालाही सांगत नाही. ज्याचा नंबर त्याला जातो, एवढंच सांगते, आणि तो नंबर माझाही असू शकतो.

दोनेक वर्षं अशीच गेली. एका रविवारी दुपारी मी भिंतीकडे तोंड करून चौथीच्या वह्या तपासत होते. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. चपलांच्या आवाजावरून ओळखलं, पण वळले नाही.

"पुढला गल्लीमा सुकदेवनी माय गयी," दगूबाई म्हणाल्या. "टेम्पो सांगी टाका त्यास्नी. आनंदा गावले जायेल शे, दुसराना टेम्पो शे, तो काही फोन कराव नही. तुना म्हताराले तू फोन कर. टाईम व्हई जाई."

मी वही मिटली. विचारलं, त्यांच्या घरचे ऐकतील का? त्या म्हणाल्या, त्यांच्याशी मी बोलून आलेय.

मी खाली बघतच चप्पल घातली आणि दार ओढून घेतलं. फोनचं दुकान नाक्यावर होतं. दगूबाई माझी वाट न बघता पुढे चालू लागल्या, पदर कंबरेला खोचलेला, पाठ ताठ. दाराकडे बघायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं, पाठीबद्दल काही म्हटलं नव्हतं. नाक्यापर्यंत मी ती बघत गेले.